मदत हवी आहे : बार्सिलोनातल्या पोब्ले एस्पान्योलला अर्धा दिवस द्यावा का?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेर बार्सिलोनाला जातोय. आम्ही दोघं, नववीतली लेक आणि सासरे. सग्रादा फामिलिया, पार्क ग्वेल वगैरेची तिकिटं काढून झाली. घोडं अडलंय ते मोन्जुइक टेकडीवरच्या पोब्ले एस्पान्योल (म्हणजे 'स्पॅनिश गाव') या ठिकाणापाशी.

सासऱ्यांची हयात सुतारकामात आणि जुने वाडे दुरुस्त करण्यात गेली. चर्चचं शिखर किती उंच यापेक्षा तुळई कशावर टेकवलीय, सज्जाला आधार कुठून दिलाय, हे त्यांना बघायचं असतं. स्पेनच्या वेगवेगळ्या प्रांतांतली घरं एकाच जागी आणि शिवाय कारागीर काम करताना दिसतात म्हटल्यावर मला हे त्यांच्यासाठीच आहे असं वाटलं. नवऱ्याचं मत वेगळं : "ती सगळी नक्कल आहे, सिनेमाचा सेट बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

वाचून समजलं ते असं. १९२९ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी हे गाव उभारलं. फ्रान्सेस्क फोल्गेरा आणि रामोन रेवेन्तोस हे दोन वास्तुविशारद, सोबत कलासमीक्षक मिकेल उत्रियो आणि चित्रकार शावियेर नोगेस, असे चौघं देशभर हिंडले, फोटो काढले, रेखाटनं केली आणि त्यातून निवडून ११७ इमारती इथे बांधल्या. प्रदर्शन संपलं की पाडायचं ठरलं होतं, पण लोकांना इतकं आवडलं की राहिलं.

आता प्रश्न :
१. बांधकामातलं कळणाऱ्या माणसाला इथे खरंच काही मिळेल का?
२. कारागीर काम करताना दिसतात, की नुसती दुकानं आहेत?
३. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. चढ-पायऱ्या किती?
४. सासरे शाकाहारी आहेत, अंडंही नाही. आत काही मिळेल?

जाणकारांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद

तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत. स्टॉकहोमचं स्कानसेन हे उघड्यावरचं संग्रहालय १८९१ पासून आहे, तिथे खरी जुनी घरं मूळ गावांतून उचलून आणून पुन्हा उभी केली. इथे तसं नाही. दर्शनी भाग मूळ इमारतीवरून केलेला, आत मात्र दुकान, कार्यशाळा किंवा खानावळ. त्यामुळे छपराची आतली कैची, लाकडाचे जुने सांधे बघायला मिळतील अशी आशा सासऱ्यांना दाखवू नका.

पण बाहेरून बघण्यासारखं भरपूर आहे, आणि तेही एकमेकांशेजारी. आत शिरतानाच आविला शहराच्या तटबंदीतल्या सान व्हिसेंते दरवाजाची प्रतिकृती. पुढे प्लाझा मायोर हा मोठा चौक, त्यात तेरुएल प्रांतातल्या वाल्देरोब्रेसच्या नगरपालिकेची प्रतिकृती. मग आरागोनमधल्या उतेबो गावचा विटांचा मनोरा. मूळ मनोरा सोळाव्या शतकातला, मुदेहार पद्धतीचा, म्हणजे ख्रिश्चन राजवटीत मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतून आलेलं काम : नुसत्या विटा पुढेमागे बसवून काढलेली नक्षी आणि मध्ये रंगीत फरशा. मी तर याच्यासमोरच सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो. तिथून गालिसिया प्रांताच्या बाजूला वळलात की एकदम करडा ग्रॅनाइट आणि पावसापासून आडोसा देणाऱ्या कमानी, आणि आंदालुसियाच्या गल्लीत चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, लोखंडी गजांच्या खिडक्या, कुंड्या. पाऊस आणि ऊन यांनी घराचं रूप कसं ठरवलं, हे कोकणातली घरं बघितलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

प्रतिसाद

कारागिरांबद्दल : काच फुंकणारे, चामड्याचं काम करणारे, कुंभारकाम, दागिने असं बरंच आहे. सगळेच सतत काम करत बसलेले नसतात, काही ठिकाणी फक्त विक्री चालते. सकाळी फार लवकर गेलात तर बरीच दारं बंद दिसतील, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळीही शुकशुकाट असतो. साडेअकराच्या सुमाराला पोचा. काही विकत घ्यायचं नसलं तरी कारागिराला विचारून जवळ उभं राहायला कोणी ना म्हणत नाही.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातला बारा बलुतेदारांचा देखावा डोक्यात ठेवून जाऊ नका. तिथे पुतळे आहेत, इथे माणसं.

गुडघ्यांचं म्हणाल तर चौक सपाट आहे, बाकी दगडी फरसबंदी आणि चढउतार. गालिसियातल्या सान्तियागो शहरातल्या पायऱ्यांची प्रतिकृती आहे ती टाळता येते. पायथ्याच्या प्लाझा एस्पान्या चौकापासून टेकडी चढत जाऊ नका, १५० नंबरची बस थेट दारात सोडते.

प्रतिसाद

जेवणाचं जरा अवघड. भाजीच्या पदार्थातही हॅमचे तुकडे निघतात, सॅलडमध्ये टूना मासा असतो, तोर्तिया म्हणजे अंड्याचीच. चालण्यासारखं म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, भाजलेल्या वांगी-मिरच्यांची एस्कालिवादा (वर अँकोव्ही मासे नकोत म्हणून आधीच सांगा). आमच्या आईसाठी आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती, त्यावर दिवस निभावला.

लेकीला नाचात रस असेल तर संध्याकाळी तिथेच ताब्लाओ दे कार्मेनमध्ये फ्लामेंको असतो. नाव कार्मेन आमाया या नर्तकीवरून दिलंय. काही तिकिटांत गावाचा प्रवेशही धरलेला असतो, आरक्षण करताना तेवढं तपासा.

आणि खाली उतरताना वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहचा जर्मन पॅव्हिलियन, म्हणजे जर्मनीचं प्रदर्शन-दालन, बघाच. तोही १९२९ च्याच प्रदर्शनातला. तो १९३० मध्ये पाडला आणि १९८६ मध्ये जुन्या आराखड्यांवरून पुन्हा बांधला. म्हणजे नक्कलच म्हणायची तर तीही नक्कल, पण जगभरचे वास्तुविशारद ती बघायला येतात. यजमानांना एवढं जरूर सांगा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅव्हिलियनचा मुद्दा घरी चालला! साडेअकराला जाऊन तीनपर्यंत थांबू, नाचाचं लेकीला विचारते. सासऱ्यांना उतेबोच्या मनोऱ्याचे फोटो दाखवले, ते आतापासूनच विटांचे थर मोजताहेत.

एकच शेवटचं : १५० च्या बसला मेट्रोचं तिकीट चालतं का?

प्रतिसाद

मेट्रो-बस दोन्हींना चालणारं कार्ड असेल तर चालतं. पण टी-कॅज्युअल हे दहा फेऱ्यांचं कार्ड एका वेळी एकानेच वापरायचं असतं, चौघांत फिरवता येत नाही. तुम्हाला टी-फॅमिलियार कार्ड बरं पडेल, त्यात आठ फेऱ्या आणि ते सगळ्यांना मिळून वापरता येतं.