मदत हवी आहे: मुलगा वडिलांकडे राहायला गेला, आता पोटगीचं काय?

नमस्कार. आमचा घटस्फोट संमतीने झालाय (हिंदू विवाह कायदा, कलम १३ब). कन्सेंट टर्म्सप्रमाणे (दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटी) दोन्ही मुलांचा ताबा माझ्याकडे आणि वडिलांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची. रक्कम एकच आहे, कुणासाठी किती अशी फोड नाही.

आता मुलगा १६ वर्षांचा आहे आणि जूनपासून वडिलांकडे राहतोय. भांडणबिंडण काही नाही. त्याचं कॉलेज तिथून जवळ आहे, आणि खरं सांगायचं तर या वयात त्याला बाप हवाय. मी अडवलं नाही. मुलगी १३ वर्षांची, ती माझ्याकडेच.

परवा मेसेज आला, "या महिन्यापासून अर्धेच पाठवतो." विचारणं नाहीच, थेट सांगणं. घरभाडं काही अर्धं झालेलं नाही. मुलगा शनिवार-रविवार इथेच असतो. येताना फक्त चार्जर आणतो, बाकी कपड्यांपासून सगळं इथलंच वापरतो. त्याच्या क्लासची वर्षाची फी मी आधीच भरून बसलेय. पण रोजचं जेवणखाण आता तिकडे म्हणजे त्यांचाही खर्च वाढलाय, हे मला दिसतं. त्यामुळे पूर्ण रक्कमच द्या असा हट्ट नाही.

जाणकारांना विचारायचंय ते हे की कोर्टाचा आदेश असताना त्यांना परस्पर रक्कम कमी करता येते का? चार महिन्यांनी मुलगा परत आला तर पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का? आणि मीही कमावते, तर उलट मलाच काही द्यावं लागेल का?

प्रतिसाद
वकिली करतो, पण तुमचे कागद न बघता बोलतोय. आदेश बदलेपर्यंत जुनीच रक्कम देय आहे. मूल कुठे राहतं यावर ती आपोआप घटत नाही. कमी दिलेले पैसे थकबाकी म्हणून साठतात आणि दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात अर्ज) लावून वसूल करता येतात. मात्र लगेच तो मार्ग धरू नका. ताबा, पालनपोषण आणि शिक्षणाबद्दलचे आदेश हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही बदलून मागता येतात. दोघांचं जमत असेल तर एकत्र अर्ज करून नव्या कन्सेंट टर्म्स द्या. वाद झाला तर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल (रजनेश विरुद्ध नेहा, २०२०).

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, हो, शक्य आहे. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा (२०००) खटल्यात सुप्रीम कोर्टाने कमावत्या आईवडिलांनी मुलांचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घ्यावा असं म्हटलंय. मुलीसाठी त्यांचा वाटा, मुलासाठी तुमचा, वजावट करून एक आकडा निघेल. तो बरोब्बर निम्मा येईलच असं नाही.

प्रतिसाद
मी पोटगी देणाऱ्यांच्या बाजूचा. आमची मुलगी दोनदा इकडून तिकडे गेली. नव्या टर्म्समध्ये प्रत्येक मुलाची रक्कम वेगळी लिहून घ्या, आणि "सलग इतके महिने दुसऱ्याकडे राहिल्यास त्या मुलाची रक्कम अशी बदलेल" हे कलमही टाका. फी, क्लास, औषधपाणी वेगळं ठेवा. मुलगा १८ वर्षांचा झाला की त्याचं गणित बदलतं; मुलीची जबाबदारी मात्र ती अविवाहित असून स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर पुढेही राहते (१९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा, कलम २०). दोनच वर्षांसाठी किती ताणायचं ते तुम्ही ठरवा.

आणि पैशांचे मेसेज मुलाच्या हाती पडू देऊ नका. आमची मुलगी एकदा विचारत होती, "मी गेले तर आईचे पैसे कमी होतील ना?" त्यानंतर ती महिनाभर कुठे राहायचं हेच सांगेना.

धागालेखिका
दोघांचेही आभार. फोड करून मसुदा आज त्यांना पाठवते आणि तोवर जुनीच रक्कम द्या असं लेखी कळवते. एकच शंका, मुलाला कोर्टात उभं राहावं लागेल का? तो आत्ताच घाबरलाय.

प्रतिसाद
साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७(३) प्रमाणे समज आलेल्या मुलाची पसंती न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. गरज वाटली तर चेंबरमध्ये किंवा समुपदेशकांमार्फत त्याच्याशी बोलतात. तुम्ही दोघं सहमत असाल तर बहुधा तेवढीही वेळ येणार नाही. त्याला काही पढवून मात्र पाठवू नका, ते लगेच कळतं.