हल्लेच होत नाहीत, तिथे एवढा बंदोबस्त कशाला?

हिशेबी:
ज्या देशात वर्षानुवर्षं मोठा हल्ला झालेला नाही, तिथेही सरकारी इमारतींसमोर काँक्रीटचे ठोकळे आणि दारोदारी बॅगा तपासणं! माझ्या मते हा खर्च भीतीपोटी होतो. रस्ते अपघातांत त्याहून कितीतरी जास्त माणसं जातात. असहमत असाल तर आकडे आणा, गहिवर नको.

टोच्या:
घ्या आकडे. नॉर्वे, २२ जुलै २०११. ऑस्लोत ८, उटोया बेटावर ६९, एका दिवसात ७७ बळी. हल्लेखोर एकटा. आदल्या दिवसापर्यंत तुमच्या तक्त्यात नॉर्वेसमोर जवळजवळ भोपळाच होता.

आणि हे वाचा. पंतप्रधान कार्यालयाच्या इमारतीजवळचा ग्रुबेगाता हा रस्ता वाहनांना बंद करायचं कधीच ठरलं होतं. फाईल फिरत राहिली. त्या दुपारी बॉम्ब भरलेली व्हॅन पार दारापर्यंत गेली. स्फोटानंतर काही मिनिटांतच एका पादचाऱ्याने पोलिसांना फोन केला: पोलिसी वेशातला, हातात पिस्तूल असलेला माणूस गाडीत बसून गेलाय. गाडीचा नंबरही दिला. नंबर चिठ्ठीवर उतरला आणि चिठ्ठी टेबलावर वीसेक मिनिटं पडून राहिली. तो तोवर बेटाच्या वाटेला लागलेला. ठरलेले उपाय अमलात आणले असते तर इमारतीवरचा हल्ला टळू शकला असता, असं चौकशी आयोगानेच २०१२ मध्ये म्हटलं.

हिशेबी:
चिठ्ठी पडून राहिली हा ढिसाळपणा. त्यावर बॅगा तपासणं हा उपाय कसा?

बुधवारकर:
हिशेबींशी अर्धा सहमत. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. हल्लेखोराकडे बंदुकीचा रीतसर परवाना होता. तेव्हा देशातल्या धोक्याची अधिकृत पातळी होती 'कमी', आणि यंत्रणांची नजर जवळपास एकाच प्रकारच्या, म्हणजे इस्लामी अतिरेक्यांवर. बंदोबस्त दुप्पट केला असता तरी नजर तिकडेच राहिली असती. शेवटी उपयोगी पडला तो कायदा. महिन्याच्या आत बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आली, संसदेत ११९ विरुद्ध १ मतांनी.

टोच्या:
उपयोगी कोणाला? ५१ जण गेल्यावर?

खारीचा वाटा:
श्रीलंका कोणी काढली नाही अजून. २००९ ला युद्ध संपलं, मग दहा वर्षं बरीच शांतता. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला अडीचशेहून अधिक बळी. भारताकडून इशारा आधीच पोचला होता! पण राष्ट्रपती आणि पंतप्रधानांचं आपसात वाकडं. पंतप्रधान म्हणाले, मला कोणी कळवलंच नाही. इथे ना ठोकळे कमी पडले ना कॅमेरे.

हिशेबी:
हेच तर म्हणतोय मी! पैसा ओतण्यापेक्षा आलेला कागद वेळेवर वाचा. हां, तो ऑस्लोचा रस्ता मात्र बंद करायला हवा होता, तेवढं मान्य.

टोच्या:
आणि बंद कशाने करणार होतात? काँक्रीटच्या ठोकळ्यांनीच ना?