तळघरातल्या टाइल्सना ओल, गणपतीच्या आधी काय करता येईल? मदत हवी आहे

खळ्यातला:
देवगडजवळ घर आहे. तळघरात दोन वर्षांपूर्वी टाइल्स घातल्या. यंदा आषाढापासून रोज सकाळी फरशी ओली. पुसली की दुपारी परत तेच. सांध्यांतून पांढरी पूड येते, नखाने खरवडली की मिठासारखी भुरभुरते. चार टाइल्स नाणं आपटलं की पोकळ वाजतात. गणपतीला तिथे पंधरा माणसं झोपायची आहेत. कोणतं केमिकल मारू ते पटकन सांगा.

चिरेबंदी:
तळघर पूर्ण जमिनीखाली, की घर उतारावर आणि मागची बाजू डोंगरात? भिंती कसल्या? ओल सगळीकडे का?

सुके_सोडे:
एवढं काय त्यात? पावसाळ्यात विट्रिफाइडला पाणी सुटतंच. आमच्या रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर सुटतं. खिडक्या उघड्या ठेवा.

चिरेबंदी:
खिडक्या उघडल्या तर बाहेरची दमट हवा आत येऊन थंड फरशीवर बसणार, म्हणजे आणखी ओल. शिवाय पांढरी पूड हवेतून येत नाही. तो लोणा. जमिनीतलं पाणी क्षार घेऊन वर येतं, सुकलं की क्षार मागे राहतात.

नवा_चाकरमानी:
सांध्यांत एपॉक्सी ग्राउट (पाणी न शिरणारा भराव) भरा, विषय संपला. मी ठाण्याला बाथरूममध्ये केलंय.

चिरेबंदी:
बाथरूममध्ये पाणी वरून येतं हो. इथे सांधे बंद केले तर ते भिंतीत चढेल.

आजीचं_आगर:
टाइल्स घातल्याच कशाला? आमच्याकडे अजून शेणाने सारवतात, पाय कसे थंडगार राहतात.

खळ्यातला:
शेण नको, उपाय सांगा. घर उतारावरच आहे, मागची भिंत चिऱ्याची, डोंगराला टेकलेली. हे सांगायला पाहिजे होतं का?

चिरेबंदी:
तेच तर पाहिजे होतं! चिरा स्पंजासारखा पाणी पितो. आता फरशी पुसून दोन-तीन ठिकाणी प्लॅस्टिकचे हात-दीड हाताचे तुकडे चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या वर असतील तर हवेतले, खाली असतील तर जमिनीतले.

सुके_सोडे:
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा हवेतली ओल ओढणारं डीह्युमिडिफायर मशीन आणा.

खळ्यातला (दोन दिवसांनी):
भिंतीजवळच्या तुकड्याखाली चक्क तळं. दाराजवळचा कोरडा.

चिरेबंदी:
मग पाणी डोंगराकडूनच. गेल्या पावसाळ्यात होतं का असं? भिंतीमागे चर आहे?

खळ्यातला:
गेल्या वर्षी ठणठणीत होतं. चर होता, मे महिन्यात माती टाकून बुजवला, गाडी लावायला जागा नव्हती. त्याचा इथे काय संबंध?

आजीचं_आगर:
अरे देवा.

चिरेबंदी:
आधी तो चर उघडा. तळ फरशीच्या पातळीहून खोल आणि उतार घरापासून लांब जाणारा हवा. पागोळ्या तिथेच पडत असतील तर पन्हळ लावा. आतून केमिकल मारलंत तर मागून येणारं पाणीच ते सोलून काढेल. पोकळ टाइल्स आता उचलू नका, भिंत वाळू द्या. बाहेरून वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यात.

नवा_चाकरमानी:
कणकवलीची तिकिटं कुणाला मिळाली का हो?

खळ्यातला:
लावणी आटपली, उद्या गडी मिळेल. पण मग गाडी कुठे लावू?