जुन्या इटालियन मोटारसायकलींचा 'स्वभाव': गुण की दोषांचे कौतुक?

घाटवळण:
1970 च्या दशकातील इटालियन मोटारसायकलींना 'स्वभाव' आहे, असे सगळेच म्हणतात. तो येतो कुठून, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. माझ्या मते तो अभियंत्यांनी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांतून येतो. डुकाटीचे अभियंते फाबिओ ताल्योनी यांनी डुकाटी 750 च्या दोन सिलिंडरांमध्ये 90 अंशांचा कोन ठेवला, त्यामुळे इंजिनाची थरथर बरीच कमी झाली. परंतु पुढचा सिलिंडर जवळपास आडवा आल्याने इंजिन लांबले आणि दोन चाकांमधील अंतर सुमारे 1500 मिलिमीटरपर्यंत गेले. अशी गाडी वळणात चटकन शिरत नाही, पण एकदा झुकली की खाचखळग्यांना न जुमानता आपली रेषा धरून ठेवते. 23 एप्रिल 1972 रोजी इटलीतील इमोलाच्या 200 मैलांच्या शर्यतीत डुकाटीवर पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला, तो याच आराखड्याच्या जोरावर.

नटबोल्ट:
शर्यतीची गाडी आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडलेली गाडी यांत फरक करायला हवा. होंडाची सीबी 750 1969 मध्येच सेल्फ स्टार्टर आणि पुढे डिस्क ब्रेक घेऊन आली, तर नंतर आलेल्या डुकाटी 750 जीटीला सुरुवातीला किकच मारावी लागे. कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) फिरवणारे तिचे शंकूच्या आकाराचे गिअर पातळ चकत्या घालून जुळवण्यात कुशल कारागिराचे तासन्तास जात. पुढे पँटा या नंतरच्या मॉडेलच्या इंजिनात डुकाटीनेच त्यांच्या जागी दातेरी पट्टा आणला. जे कारखान्यालाच परवडेना, त्याला आपण स्वभाव म्हणून मिरवावे का?

घाटवळण:
पट्टा आणला तो उत्पादनखर्चापायी, आणि 90 अंशांचा कोन पँटातही तसाच राहिला. चालवण्याच्या अनुभवाचे मूळ तिथे आहे. मोटो गुझ्झीची 850 ल माँ पाहा. तिचा क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, म्हणून उभ्या जागी रेस दिली की गाडी उजवीकडे झुकते. पायाचा ब्रेक दाबला की मागच्या डिस्कबरोबर पुढचीही एक डिस्क लागते, त्यामुळे ब्रेक मारताना गाडीचे नाक फारसे खाली जात नाही. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण पडले की गाडी पुढे काय करणार हे आधीच कळू लागते.

नटबोल्ट:
त्याच गुझ्झीवर वळणाच्या मध्यात अचानक रेस सोडून पाहा. शाफ्ट ड्राइव्हमुळे (मागचे चाक चेनऐवजी दांड्याने फिरते, त्यामुळे) मागचा भाग खाली बसतो आणि जमिनीपासूनचे अंतर नेमके नको तेव्हा कमी होते. अशा वेळी गाडीऐवजी चालवणाऱ्यानेच स्वतःला सुधारावे, ही अपेक्षा मला तरी उफराटी वाटते. (होंडाच्या चेनला तेल घालावे लागते, हे मला मान्य आहे.)

तिसरा गिअर:
आपण दोघेही 'इटालियन' हा एकच प्रकार धरून चालला आहात. इटलीतील ब्रेगान्झेच्या लावेर्दा कंपनीची 1976 ची योटा घ्या: 981 सीसी, तीन सिलिंडर आणि 180 अंशांचा क्रँकशाफ्ट, ज्यात बाहेरचे दोन पिस्टन एकत्र वर येतात तेव्हा मधला खाली असतो. तिची थरथर हाडापर्यंत पोहोचते, क्लच दाबून मनगट दुखते आणि गाडी उंच व जड असल्याने शहरात ती नकोशी होते. 1982 मध्ये क्रँकशाफ्ट 120 अंशांचा झाला, इंजिन मऊ झाले, तरीही जुन्या योटाचे चाहते ती अडखळती गर्जना हरवल्याची तक्रार करतात. या एका बाबतीत मी नटबोल्ट यांच्या बाजूने आहे: येथे दोषाचेच कौतुक चालले आहे. डुकाटीच्या वळणातील स्थैर्याला मात्र मी त्या यादीत घालणार नाही.