दुधाशिवाय दाट आणि मुलांना आवडेल अशी फळांची स्मूदी कशी करावी?

नाशिकची आई

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. गाईच्या दुधातील प्रथिनांची त्याला अ‍ॅलर्जी असल्याचे निदान बालरोगतज्ज्ञांनी दीड वर्षापूर्वी केले, तेव्हापासून दूध, दही, ताक, लोणी, पनीर हे सारे बंद आहे. जेवणाची घडी आता नीट बसली आहे. अडचण येते ती संध्याकाळी, खेळून आल्यावर. इमारतीतली बाकीची मुले त्या वेळी मिल्कशेक पितात आणि ओठांवर उमटलेली पांढरी मिशी एकमेकांना दाखवतात. मलाही मिशी येईल असे काहीतरी दे, असे तो रोज म्हणतो.

मी तीन प्रयत्न केले. बाजारात मिळणारे बदामाचे पेय आणि केळे एकत्र फिरवले, तर ते पाण्यासारखे पातळ झाले आणि पाच मिनिटांत तळाशी गाळ बसला. नारळाचे दाट दूध आणि गोठवलेल्या आंब्याच्या फोडी घेतल्या, तेव्हा चव चांगली होती, पण जिभेवर मेणासारखे बारीक कण लागत होते, त्यामुळे त्याने एका घोटानंतर पेला बाजूला ठेवला. पौष्टिक व्हावे म्हणून स्ट्रॉबेरीत पालक घातला, तर रंग चिखलासारखा आला आणि त्याने पेल्याला हातही लावला नाही.

दुधाशिवाय दाटपणा कसा आणावा? काजू-बदाम त्याला चालतात, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सासूबाईंचे म्हणणे आहे की शेळीचे दूध पचायला हलके असते, तर ते थोडे देऊन पाहावे. यातले काय योग्य आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

दोन मुलींचा बाबा, पुणे

ताई, आपण दुधाच्या जागी घालायला पांढरे पातळ काहीतरी शोधत आहात आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. आमच्या धाकटीसाठी मीही बरेच महिने हेच करत होतो. मिल्कशेकमध्ये फळ दुधात फिरवतात, म्हणून दूध काढले की तिथे दुसरे दूध हवे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दाटपणाचे सगळे काम फळाकडून करून घेता येते आणि पातळ पदार्थ केवळ मिक्सरचे पाते फिरण्यापुरता लागतो. आपला आमरसच पाहा. त्यात दूध न घालणारी कितीतरी घरे आहेत आणि तो पातळ झाला म्हणून कोणी तक्रार करत नाही.

यासाठी सर्वांत खात्रीचे फळ म्हणजे गोठवलेले केळे. सालीवर काळे ठिपके आलेले, पूर्ण पिकलेले केळे घ्यावे, कारण थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते आणि अर्धवट पिकलेले केळे गोठवले की ते बेचव लागते. साल काढून बोटाच्या पेराएवढ्या चकत्या कराव्यात, ताटलीत एकमेकींना न चिकटतील अशा पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि सकाळी डब्यात भराव्यात. सालीसकट अख्खे केळे गोठवले तर साल निघता निघत नाही, म्हणून हा खटाटोप आधीच केलेला बरा.

दोन मुलांसाठी दोन मध्यम केळ्यांच्या चकत्या, वाटीभर दुसरे कोणतेही पिकलेले फळ आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी किंवा शहाळ्याचे पाणी पुरते. चकत्या बाहेर काढून पाच मिनिटे थांबावे, भांड्यात आधी पाणी आणि मऊ फळ घालावे, गोठलेले तुकडे सर्वांत शेवटी टाकावेत आणि मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवावा. सुरुवातीला ते भरड दिसते आणि आणखी पाणी घालण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. चमच्याने कडा खाली ढकलून पुन्हा दोन-तीनदा फिरवले की अचानक सगळे एकजीव होते आणि भांडे तिरके केल्यावर मिश्रण ओघळण्याऐवजी सावकाश सरकते. त्या क्षणी थांबावे. त्यापुढे फिरवत राहिल्यास मोटरच्या उष्णतेने ते पातळ होऊ लागते.

अधिक स्निग्धपणा हवा असेल तर आठ-दहा काजू दोन तास कोमट पाण्यात भिजवून, चटणीच्या भांड्यात तीन-चार चमचे पाण्याबरोबर आधी वेगळे वाटून घ्यावेत. बोटांच्या चिमटीत घासून पाहिल्यावर कण लागला नाही, तरच ही पेस्ट स्मूदीत घालावी. फळांबरोबर एकदमच टाकलेले काजू नीट वाटले जात नाहीत आणि मुलांना तो कण लगेच कळतो.

रंगाबद्दल एक गोष्ट अनुभवाने सांगतो. लाल आणि हिरवे एकत्र आले की तपकिरीच होते. पालक घालायचाच असेल तर तो आंबा किंवा अननसाबरोबर घालावा, म्हणजे पोपटी रंग येतो. सध्या बाजारात जांभळे असतील तर बिया काढून मूठभर गर केळ्याबरोबर फिरवून पाहावा. त्याचा रंग पाहूनच मुले पेला मागतात.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण

नारळाच्या दुधाला आपण एका प्रयत्नात बाद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोंडात लागले ते कण नारळाच्या तेलाचे होते. खोबरेल थंडीत कसे गोठते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दाट रसात तेच तेल भरपूर असते आणि बर्फासारख्या फोडी त्यात पडल्या की ते जागच्या जागी थिजते. म्हणून गोठवलेल्या फळाबरोबर पहिला दाट रस कधीही घेऊ नये. तो पिळून आमटीसाठी बाजूला ठेवावा आणि त्याच चवात, म्हणजे खोवलेल्या खोबऱ्यात, कोमट पाणी घालून काढलेला दुसरा, पातळ रस स्मूदीसाठी वापरावा. दाट रसच वापरायचा असेल, तर फळ गोठवलेले न घेता नुसते माठातल्या पाण्याइतके गार असावे.

काही मुलांना नारळाचा वास नको असतो. बऱ्याचदा तो वास जुन्या नारळाचा असतो किंवा खोबऱ्याची काळी पाठ तशीच वाटल्यामुळे येतो. ताजा नारळ घ्यावा, पाठ सुरीने खरवडून काढावी आणि रस त्याच दिवशी संपवावा.

आमच्याकडे लहान मुलांसाठी याहूनही सोपा प्रकार करतात. शहाळे घेताना मऊ, चमच्याने निघणारी मलई असलेले मागून घ्यावे आणि ती मलई त्याच शहाळ्याच्या थोड्या पाण्यात वाटावी. तिला तेलकटपणा नसतो, वासही नसतो आणि पिकलेल्या चिकूबरोबर ती फार सुरेख लागते. चिकू मात्र पूर्ण मऊ झालेलाच हवा. थोडा जरी कच्चा असला तरी चिकाने घसा धरतो आणि मग मूल पुन्हा चिकूचे नाव काढत नाही.

आणखी एक सोय अशी की अननस किंवा किवी दुधात फिरवले की काही वेळाने ते कडू होते, कारण त्या फळांतील विकरे (एन्झाइम) दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात. नारळाच्या रसात तशी कडवट चव येत नाही. तेव्हा अननसाची स्मूदी इतर मुलांपेक्षा आपल्या मुलालाच अधिक चांगली मिळेल.

बालआहार सल्लागार, ठाणे

वरील दोन्ही कृती उपयुक्त आहेत, परंतु शेळीच्या दुधाचा प्रश्न मागे राहू नये म्हणून लिहीत आहे. कृपया ते देऊन पाहू नका. दुधातील साखर न पचणे आणि दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात पोट फुगते, जुलाब होतात आणि अनेकांना थोडे दही चालते. दुसऱ्या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा केसीनसारख्या प्रथिनांवर तुटून पडते आणि शेळीच्या व म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना त्यांचाही त्रास होतो. तो त्रास पित्त उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत कसाही असू शकतो. सासूबाईंचा हेतू मायेचाच आहे, म्हणून पुढच्या तपासणीला त्यांनाही बरोबर न्यावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की घरातला हा वाद आपोआप मिटतो. आमरसावर तूप घालण्याची सवय असेल तर त्याच्या वाटीत ते घालू नये, कारण तुपातही प्रथिनांचा अंश उरू शकतो.

पाकिटांवरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, त्यात दूध नसल्याचे सांगत नाही. चव यावी म्हणून चॉकलेटची पूड घालणार असाल तर घटकांची यादी वाचावी. व्हे, केसिनेट, दुधाची भुकटी किंवा दुग्ध घनपदार्थ यांपैकी काहीही आढळले तर ते पाकीट परत ठेवावे.

आता कॅल्शियमविषयी. दोनशे मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. केळे आणि नारळाचा रस यांच्या स्मूदीत कॅल्शियम नगण्य आणि प्रथिने अगदी थोडी असतात. म्हणजे रंगरूपाने ती मिल्कशेकसारखी असली तरी दुधाची जागा घेत नाही, हे मनाशी पक्के असावे. भाजलेल्या, सालासकट तिळांचा एक मोठा चमचा काजूबरोबरच वाटला तर सुमारे ८० ते १०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तिळाची किंचित कडवट चव चिकू आणि दोन बिनबियांच्या खजुरांखाली झाकली जाते. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण स्मूदीत आपण चमचाभरच घालणार, म्हणून नाचणीचा खरा उपयोग भाकरीतून होईल. स्मूदीत घालायची झाल्यास पाण्यात शिजवून गार केलेली पेजच घालावी, कोरडे पीठ घालू नये. उरलेली गरज कशी भरून काढावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

साखर, गूळ, मध यांपैकी काहीही वरून घालू नये, पिकलेले फळ पुरेसे गोड असते. फळ वाटल्यावर त्यातली साखर मोकळी होते, म्हणून एका वेळी १५० मिलिलिटरचा लहान पेला पुरेसा आहे.

नाशिकची आई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शेळीच्या दुधाचा विषय घरात संपला. सासूबाईंनी वरचा मजकूर स्वतः वाचला आणि लगेच खाली जाऊन शहाळी आणली.

काल जांभूळ आणि गोठवलेल्या केळ्याची स्मूदी केली. पाणी घालण्याचा मोह दोनदा आवरला. चकत्या ताटलीत मांडण्याचे काम मुलाने आदल्या रात्री स्वतः केले होते, त्यामुळे सकाळपासून तो फ्रीझर उघडून पाहत होता. एक शंका उरली आहे. घरात आमच्यासाठी ताक याच मिक्सरमध्ये होते. भांडे धुऊन वापरले तर चालेल का?

बालआहार सल्लागार, ठाणे

शक्य असेल तर त्याच्यासाठी एक भांडे झाकणासकट वेगळे ठेवावे. झाकणाच्या आतली रबराची कडी आणि पात्याखालची खाच या दोन जागी ताकाचा थर नुसत्या धुण्याने निघत नाही. तूर्त एकच भांडे असेल तर कडी प्रत्येक वेळी काढून साबणाने घासावी, पात्याखाली लहान ब्रश फिरवावा आणि आधी त्याची स्मूदी करून मगच ताक करावे.

नाशिकची आई

वेगळे भांडे आजच घेते. कालचे सांगायचे राहिले. पेला रिकामा झाल्यावर तो तोंड न पुसताच खाली पळाला. पांढऱ्या मिशा असलेल्या चार मुलांत त्याची एकट्याची जांभळी होती आणि आज त्या चौघांपैकी दोघांच्या आया माझ्याकडे कृती विचारायला आल्या.