ओपनसीपीएन रात्रीच्या प्रवासात मुख्य साधन म्हणून वापरावे का?

शिडवाला:
आमच्या शिडाच्या नौकेवर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बसवून त्यावर ओपनसीपीएन हे सागरी नकाशे दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर सुरू केले आहे. जीपीएस यूएसबीने जोडताच नौकेची जागा नकाशावर दिसू लागली. परंतु इतर जहाजांनी स्वतःच्या जागेबद्दल पाठवलेले संदेश पकडणारा एआयएस रिसीव्हर जोडूनही आसपासचे एकही जहाज दिसत नाही. शिवाय इंजिन सुरू करताना संगणक दोनदा बंद पडला. अशा व्यवस्थेच्या भरवशावर रात्री निघावे का?

सुकाणू:
एआयएसच्या जोडणीचा वेग तपासावा. एनएमईए ०१८३ या सागरी उपकरणांच्या संदेश-पद्धतीचा नेहमीचा वेग ४८०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट) असला, तरी एआयएस ३८४०० बॉडने बोलते.

नांगर:
संगणक बंद पडणे ही अधिक गंभीर बाब आहे. स्टार्टर फिरताना १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो आणि तो दाब संगणकापुरता उतरवून देणारा साधा कन्व्हर्टर तेवढ्यात मान टाकतो. या संगणकाला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, म्हणून दाब ९ व्होल्टपर्यंत उतरला तरी तेवढा पुरवठा करणारा कन्व्हर्टर घ्यावा आणि त्याची तार स्टार्टरच्या बॅटरीवरून न घेता वेगळ्या बॅटरीवरून आणावी. संगणकाची प्रणाली असलेल्या मेमरी कार्डावर लेखन चालू असताना वीज तुटली, तर संगणक पुन्हा सुरू न होण्याचीही शक्यता असते. त्यामुळे हुबेहूब नक्कल केलेले दुसरे कार्ड नौकेवर ठेवावेच.

खोलीमापक:
मला काळजी वाटते ती नकाशांची. जीपीएस आपली जागा काही मीटरांत सांगतो, पण खडकाची जागा जुन्या सर्वेक्षणातून आलेली असू शकते. अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशांत प्रत्येक भागाला विश्वासार्हतेचा वर्ग दिलेला असतो: ए१ वर्गात स्थानाची चूक सुमारे ५ मीटर धरतात, सी वर्गात तीच ५०० मीटरपर्यंत जाते. नकाशा पडद्यावर कितीही मोठा करून पाहिला, तरी ही चूक घटत नाही. इंटरनेटवर फिरणारे सीएम९३ या स्वरूपातले जुने इलेक्ट्रॉनिक नकाशे तर मार्ग आखण्यासाठी वापरूच नयेत. सॉफ्टवेअर मोफत आहे, म्हणून नकाशांवर काटकसर करणे मला धोक्याचे वाटते. होकायंत्र, कागदी नकाशा आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हातातला जीपीएस यांवाचून रात्री निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिडवाला:
वेग बदलताच जहाजे दिसू लागली. कन्व्हर्टर बदलून आणि आमच्या मार्गावरील नकाशांचे वर्ग तपासून होईपर्यंत आम्ही दिवसाच प्रवास करू.