मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये दत्तक मुलीच्या थेरपीसाठी सरकारी निधी

नमस्कार मंडळी,

आमची लेक सात वर्षांची आहे. इथल्याच, पण दुसऱ्या गावच्या कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) केअरमधून, म्हणजे सरकारी देखरेखीतून, ती आमच्याकडे आली. गेल्या वर्षी कोर्टाचा दत्तक आदेशही झाला. दिवसा हसते, बागडते. रात्री मी खोलीबाहेर पडले की किंचाळते, उशीखाली पोळ्या लपवून ठेवते. पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात, माया लावली की मूल रुळतं. माया आम्ही सगळेच लावतोय, पण तिनं आधी जे सोसलंय त्यासाठी जाणकार माणूस हवा, असं मला मनापासून वाटतं.

थेरपिस्टनी डीडीपी (डायॅडिक डेव्हलपमेंटल सायकोथेरपी) सुचवली आहे. त्यात पालक आणि मूल एकत्र बसतात. अशा थेरपीसाठी 'अडॉप्शन अँड स्पेशल गार्डियनशिप सपोर्ट फंड' आहे, पण एप्रिल २०२५ पासून एका मुलामागची वार्षिक मर्यादा ५,००० पौंडांवरून ३,००० वर आणली. तज्ज्ञांच्या तपासणीचे वेगळे २,५०० पौंडही बंद. पूर्वी खर्च जास्त असला तर कौन्सिल निम्मा भार उचलू शकायची, तेही थांबलं. ज्या मुलांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांचंच यात नुकसान झालंय.

त्यात अर्ज कोणी करायचा यावरच गाडी अडली आहे. आमची कौन्सिल म्हणते तिकडे विचारा, तिकडची म्हणते तुम्ही राहता तिथे विचारा. नेमकी जबाबदारी कोणाची? आणि ३,००० मध्ये कोणी भागवलंय का? थोडी सत्रं घेऊन फरक पडला का?

प्रतिसाद:
ताई, आदेशापासून पहिली तीन वर्षं जबाबदारी मूल सोपवणाऱ्या कौन्सिलची, त्यानंतर राहत्या ठिकाणची. म्हणजे तुमच्या बाबतीत तिकडचीच. फंडाकडे पालकांना थेट अर्ज करता येत नाही, तो सोशल वर्करच करतात. म्हणून 'अडॉप्शन सपोर्टच्या गरजांचं असेसमेंट करा' अशी मागणी ईमेलनं करा, फोनवर नको. २००२ च्या 'अडॉप्शन अँड चिल्ड्रन ॲक्ट' या कायद्यानं हे असेसमेंट मागायचा तुम्हाला हक्क आहे. तरी टाळलं तर कौन्सिलकडे लेखी तक्रार, मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी). 'अडॉप्शन यूके' या दत्तक कुटुंबांसाठीच्या संस्थेच्या हेल्पलाइनवरही बोला, खूप आधार वाटतो.

आम्ही पैसे पुरावेत म्हणून आधी फक्त पालकांची सत्रं घेतली. लेकाच्या रागाला कसं सामोरं जायचं ते आम्हालाच आधी शिकायला हवं होतं. आमच्या घरी तरी त्याचा उपयोग झाला.

शाळेला कळवलंय का? केअरमधून दत्तक आलेल्या मुलांसाठी शाळेला प्युपिल प्रीमियम प्लस हा जादा सरकारी निधी मिळतो, पण ऑक्टोबरच्या शाळागणनेआधी आदेशाचा कागद दाखवावा लागतो.

मूळ लेखिका:
मनापासून आभार! ईमेल आजच लिहिते. शाळेला अजून कळवलेलं नाही. कागद दाखवताना तिचा पूर्वेतिहास किती सांगावा? वर्गात चर्चा होईल याची धास्ती वाटते.